दर्या कुठल्या अंगाला

मॅक्सवेलने वॉकर भिंतीला टेकवला, बापाच्या काखांत हात घालून त्याला गॅलरीतल्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची जराशी उजवीकडे फिरवली. समोर वीस-पंचवीस पावलांवर दुसऱ्या इमारतीची मागची बाजू होती. सांडपाण्याचे पाइप, बाथरूमच्या जाळ्या, एसीचे खोके. त्या इमारतीमुळे इथे दिवसभर ऊन येत नसे.

"दर्या कुठल्या अंगाला?" मायकेलने विचारलं.

"समोरच. मध्ये बिल्डिंगी आहेत, पण सरळ समोर."

म्हाताऱ्याने मान हलवली. काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले होते. उजेड आणि अंधार एवढाच फरक त्याला कळे. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, कपाळ-छाती-खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस केला आणि त्या पाइपांकडे तोंड करून तो पुटपुटू लागला.

समोर पूर्व होती. दर्या त्याच्या पाठीमागे, रेल्वेलाइन ओलांडून, भाईंदर पश्चिमेच्याही पार पलीकडे होता.

मॅक्सवेल दारात उभा राहून बघत राहिला. बापाचे ओठ हलत होते आणि प्रार्थना भिंतीवर जाऊन आपटत होती. त्याला बरं वाटलं. गेले तीन आठवडे रोज सकाळी त्याला असं बरं वाटत होतं.

"हे चांगलं नाही करत तू," नीलम पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती.

"तू मध्ये पडू नको."

तिने पुन्हा विषय काढला नाही. तिला सगळं ठाऊक होतं. लग्नाआधीच त्याने तिला सांगून टाकलं होतं, एकदाच, गोडदेवच्या तिच्या माहेरच्या ओट्यावर बसून.

एकतीस वर्षांपूर्वी मॅक्सवेल चोवीसचा होता आणि धाकटा ॲड्रियन एकोणीसचा. त्या पहाटे पालीच्या किनाऱ्यावर वारा फिरलेला होता. बापाचा हात दुखावला होता, म्हणून तो बोटीवर येणार नव्हता. ॲड्रियन भावाच्या कानाशी लागून म्हणाला, "दादा, आज नको." मॅक्सवेलने बापाला तसं सांगितलं. भावाचं नाव न घेता म्हणाला, मलाच बरं वाटत नाही. बाप सगळ्यांच्या देखत ओरडला, "माझ्या घरात भित्रे पोर न्हाय जन्मले. चला, निघा."

दुपारी बोट उलटली. एका पिंपाला धरून दोघं भाऊ दोन तास पाण्यात होते. ॲड्रियन रडला. आईला हाका मारून झाल्या, देवालाही हाका मारून झाल्या. मग तो थकला आणि म्हणाला, "पप्पाला सांगू नको हा, मी घाबरलो ते." थोड्या वेळाने पिंपावर फक्त मॅक्सवेलचे हात राहिले.

शेजारच्या गावच्या बोटीने त्याला किनाऱ्यावर आणलं तेव्हा अख्खी पाली जमली होती. बाप गुडघाभर पाण्यात आला, बोटीत डोकावला, पुन्हा डोकावला. मग म्हणाला, "दर्यानं चुकीचा पोर परत पाठवला."

त्याच आठवड्यात मॅक्सवेलने गाव सोडलं. लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला आणि उंच इमारतींच्या कोरड्या खड्ड्यांत आयुष्य काढलं. घरात मासे शिजवू दिले नाहीत. आई आयरिन गेली तेव्हा चर्चच्या शेवटच्या बाकाशी उभा राहून परतला. बापाने मागे वळून पाहिलं नव्हतं.

भावाचं ते शेवटचं वाक्य मात्र त्याने जपून ठेवलं होतं. बाप एक दिवस विचारेल. विचारलं की सांगायचं. सगळं, दोन तासांचं, एकेका हाकेसकट. म्हणून तर सप्टेंबरअखेरीस डोंगरीहून बहिणीचा, शर्लिनचा, फोन आला, "दादा, पप्पाचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. माझ्याकडं ह्यांचंच सगळं अंथरुणात हाय. तू नेशील का?" तेव्हा शर्लिन 'नाही' ऐकायच्या तयारीत असताना तो लगेच म्हणाला होता, "आणतो."

लहानपणी तो बापाला 'तू' म्हणायचा. आता 'तुम्ही' म्हणत होता. त्यात मान नव्हता.

जेवायला तो बापासमोर दुधीची भाजी ठेवी, कधी पडवळाची. म्हाताऱ्याने एकदाच विचारलं होतं, "सुकट हाय का घरात थोडी?"

"या घरात नसते."

म्हातारा निमूट जेवला. तो कशालाच नाही म्हणत नव्हता, आणि मॅक्सवेलला तेच खुपत होतं. बापाने चिडावं, शिवी घालावी, मग आपण बोलावं, असं त्याने मनात किती वेळा रंगवलं होतं. पण विचारायचं ते बाप विचारत नव्हता.

दोन नोव्हेंबरला सकाळी नीलमने मायकेलच्या हातात मेणबत्ती दिली. आदल्या दिवशी त्याने ती तिच्याकडे मागितली होती. आज मृतांचा दिवस. पालीत सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावत असतील. ॲड्रियनला थडगं नव्हतं. त्याचं शरीर मिळालंच नव्हतं. दर वर्षी या दिवशी मायकेल खडकांवर जाऊन उभा राहत असे, हे शर्लिनने कधीतरी फोनवर सांगितलं होतं.

मॅक्सवेल त्याला धरून गॅलरीकडे नेऊ लागला. दाराशी म्हाताऱ्याने चौकट धरली आणि पाऊल उचलेना.

"आज मला त्या मागच्या खोलीत बसव."

"का? दर्या इकडे आहे."

"येवढे दिस इथं बसलो, त्याचं काय न्हाय. पण आज त्याचा दिस हाय." मायकेल थांबला. "आज त्याला पाठ कशी दाखवू?"

स्वयंपाकघरात नीलमच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मॅक्सवेलने विचारलं.

"पयल्याच दिवशी. खारा वारा मानेवर येत होता."

"मग बोलला का नाही?"

म्हाताऱ्याचा अंगठा चौकटीच्या लाकडावर फिरत राहिला. "तुला तसं पायजे होतं," तो म्हणाला. "आन मी काय बोलू? एकदा बोललो होतो, सगळ्या गावासमोर."

मॅक्सवेलने वॉकर फिरवला आणि बापाला मागच्या खोलीत नेलं. खिडकी उघडली. खालून रिक्षांचे हॉर्न आणि भाजीवाल्याची हाक वर आली. त्याने मेणबत्ती पेटवून ताटलीत उभी केली आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. वाऱ्याने ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्याने आपला तळहात आडवा धरला.

मायकेल बराच वेळ प्रार्थना करत होता. संपल्यावर त्याने टोपी मांडीवर सारखी केली, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट पकडले आणि विचारलं,

"मॅक्सी, शेवटाला तू होतास त्याच्याजवळ. घाबरला होता का तो?"

एकतीस वर्षांनी प्रश्न आला. वाक्य ओठांवर तयार होतं. त्याला शोधावंही लागलं नाही. मॅक्सवेलने बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान किंचित खाली घातली होती, डोळे मिटले होते आणि त्याच्या जबड्याचा स्नायू ताठला होता. मार चुकवायचा नाही असं ठरवलेल्या माणसासारखा तो बसला होता.

"न्हाय," मॅक्सवेल म्हणाला. "घाबरला न्हवता. गाणी म्हणत होता."

खिडकीतून वारा येत राहिला. मायकेलच्या हातांची पकड हळूहळू सैल झाली.

"त्याला तर एक गाणं धड येत न्हवतं," तो म्हणाला. "चर्चमध्ये नुसते ओठ हलवायचा."

"त्या दिवशी म्हणत होता. मी सांगतो ना तुला."

म्हाताऱ्याचा हात चाचपडत बाजूला आला, मॅक्सवेलच्या मनगटाशी थांबला आणि तिथेच राहिला.

"कुठलं?" त्याने विचारलं.

मॅक्सवेल खुर्चीशेजारी लादीवर खाली बसला. बराच वेळ त्याला एकही गाणं आठवेना.