कॅमेऱ्यापुढची लाली

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा. एका घरची हकीकत सांगायची आहे. ऐकताना जीव हळहळेल, तरी ऐका.

चौथ्या मजल्यावर एक सासूबाई राहत. लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं करून त्यांनी एकुलता मुलगा वाढवला. मुलगा बस चालवी, सून ब्यूटी पार्लरमध्ये कामाला. गुडघे ठणकले की सासूबाई औषधाच्या दुकानातली गोळी घेत. पुढे थकवा आला, जिना चढताना धाप लागू लागली.

दवाखान्यात नेणार कोण? मुलाला रजा मिळेना, सुनेला पार्लरातून निघता येईना. सासूबाईच म्हणाल्या, "तिथं ओळखीचं कुणी भेटलं की सतरा चौकशा. मोबाइलवरचा डॉक्टर बरा."

मग दर वेळी तयारी चाले. घर दिसणार म्हणून त्यांना पुढच्या खोलीत उजेडाला बसवायचं. सून मायेनं केस विंचरी, गालांवर, ओठांवर हलकी लाली फिरवी.

"अगं, लग्नातही एवढी नटले नव्हते मी."

"मग काय आई, डॉक्टरांसमोर भुतासारखं बसायचं?"

पडद्यावरच्या डॉक्टरबाई विचारत, "कसं वाटतंय?" मोबाइल धरलेला मुलगाच उत्तर देई, "तसं बरंय. जरा अशक्तपणा." टॉनिक लिहून मिळे.

एका सकाळी सासूबाई उठता उठता खाली कोसळल्या. तरी सुनेचा हात आधी लालीच्या डबीकडे गेला! फोन लागला. डॉक्टरबाईंनी रोखून पाहिलं.

"चेहरा ओल्या फडक्यानं पुसा. आणि दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा."

फडकं फिरलं आणि सून थिजली. चेहरा खडूसारखा पांढरा.

सासूबाई हळूच बोलल्या, "शौचाला काळं होतंय, डांबरासारखं. बरेच दिवस झाले. पोरासमोर कसं सांगायचं?"

"गुडघ्यांसाठी गोळ्या घेता?"

"रोज."

"त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होत असणार. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा." मग सुनेला म्हणाल्या, "मी आजवर यांना पाहिलंच नाही. तुमचं काम पाहिलं. माझंही चुकलं, हे आधीच विचारायला हवं होतं."

मुलगा आईला पाठीवर घेऊन जिने उतरला. रक्त चढवलं, पण फार उशीर झाला होता. संध्याकाळी माऊली गेली.

आता त्या इमारतीत कुणी फोनवर डॉक्टरांशी बोलणार असेल, तर सून जाऊन बसते. घरच्यांना बाहेर काढते. "काकू, लाजू नका, सगळं सांगा. हात लावून तपासायची गरज पडली तर मी नेते तुम्हाला."

मायबापहो, मोबाइलवरचा डॉक्टर वाईट नाही. दुखणं शेवटी ओळखलं ते त्याच बाईंनी. पण आपण तो कशासाठी निवडतो? सोय म्हणून, की न्यायला कुणी नाही म्हणून, की लाज झाकायला? देवापुढे मन झाकून उभं राहत नाही आपण. मग वैद्यापुढे दुखणं का झाकायचं?

रात्री हात जोडाल तेव्हा, पोटच्या पोरालाही आपलं दुखणं सांगू न शकलेल्या त्या माऊलीची क्षणभर आठवण काढा.