भंगारात निघालेली लेथ

मी एक जुनी लेथ आहे, मित्रांनो. लोखंड गरगर फिरवायचं, कातायचं आणि गोल, सरळ करून द्यायचं, एवढंच मला येतं. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं मी सरकी काढणाऱ्या यंत्रांचे लांबलचक दांडे कातले. जिनिंग बंद पडली आणि मी देवानंदभाऊंच्या जुन्या मालाच्या गोदामात येऊन पडले. त्यांनी मला अंगभर हिरवा रंग फासला. तरी दोन वर्षं कुणी मला हुंगूनही पाहिलं नाही. शेवटी येत्या शनिवारी मला तोडून भंगारात द्यायचं ठरलं.

आदल्याच दिवशी, शुक्रवारी, अमरावतीहून कुंदाताई आल्या. वडिलांमागे बंदूक-दुरुस्तीचं परवान्याचं दुकान त्याच चालवतात. रानडुकरं हाकलायला शेतकरी ज्या परवान्याच्या बंदुका बाळगतात, त्या त्यांच्याकडे येतात. या कामात केसभर चुकलं तर बंदूक धरणाऱ्याचाच डोळा जायचा.

भाऊंनी त्यांना शेजारची नवी कोरी लेथ दाखवली. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवाच वाटला. ताईंनी पिशवीतून बंदुकीच्या नळीएवढा जाड पाइप काढला आणि तिच्या डोक्यातल्या, म्हणजे लोखंड धरून फिरवणाऱ्या भागातल्या, भोकात सरकवला. अडकला. माझ्यात आरपार गेला; लांब नळी कातायची तर ती अशीच आत जावी लागते. मग त्यांनी माझ्या पाठीवर माप फिरवून पाहिलं. लांब दांडे कातल्यामुळे पाठ सगळीकडे सारखीच झिजली होती, एका जागी खड्डा नव्हता, म्हणजे नळी अजूनही सरळच कातली जाणार. मनात म्हटलं, वाचले बाई.

पण मला चालू केलं आणि दहा मिनिटांत माझं डोकं तापलं. ताईंनी टेकवलेला हात चटकन मागे घेतला.

“म्हातारी झाली ते,” भाऊ म्हणाले. “तुमी नवीच न्या.”

मी घाबरले. ताई मात्र केसातली पिन काढून माझ्या माथ्यावर खरवडत बसल्या. रंगाचा पापुद्रा निघाला, खाली बुजलेलं तेलाचं भोक दिसलं. त्यांनी तेल सोडलं, जरा थांबल्या आणि मला पुन्हा फिरवलं. अर्धा तास झाला तरी डोकं कोमटच.

“म्हातारी झाली म्हणून नाही तापली भाऊ,” ताई म्हणाल्या. “तुमी तिचं तोंडच बुजवलं होतं. मले हेच पायजे.”

भाऊंचं मन वाईट नव्हतं, मित्रांनो. मी तरुण दिसावी म्हणूनच त्यांनी रंग दिला होता. तुमच्याकडे कुणी जुनं असेल, तर त्याला रंग नाही दिला तरी चालेल. तेल पोचतं का, तेवढं रोज बघा.