पाच मिनिटं गं

समोरच्या कप्प्यातला प्लग-पाना पुन्हा खडखडला — प्रत्येक खड्ड्याला खडखडतो मेला, काढून ठेवू काढून ठेवू म्हणत चार महिने गेले — आणि गाडी चालवता चालवता तिने सवयीने शेजारी नवऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बघत होते म्हणजे डोळे तिकडे होते, एवढंच.

व्यायामाच्या बाईंनी आज तिला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, "हात सुधारेल हो, बोलणंही येतंय. पण त्यांनाच काही नकोसं झालंय. काहीतरी हवंसं वाटायला हवं त्यांना." काहीतरी म्हणजे काय? अर्धांगाचा झटका आल्यापासून या माणसाने स्वतःहून काही म्हणून मागितलेलं नाही. ताट पुढे केलं की जेवतात. नाही केलं तर... हा विचार ती पुढे नेत नसे.

आणि पूर्वी? रस्त्यात कुणाची गाडी बंद दिसली रे दिसली की यांचा पाय ब्रेकवर. धाकट्या बहिणीच्या लग्नाला निघालो, तर हे कुणाच्या तरी ट्रकखाली, आणि मी नव्या कपड्यांत धुळीत उभी. पोचलो तेव्हा जेवणंसुद्धा उरकलेली. "साऱ्या जगाचा मक्ता तुम्हीच घेतलाय का?" मी विचारायचे. "पाच मिनिटं गं," म्हणायचे. त्यांची ती पाच मिनिटं! निम्मा संसार मी रस्त्याच्या कडेला जळफळत उभ्याने केला...

"थांब."

आधी तिला वाटलं, आपल्याच डोक्यातला आवाज.

"थांब... गाडी." त्यांचा डावा हात काचेवर आपटत होता. मागे पडलेल्या वळणावर एक मास्तर वाटावा असा माणूस, खांद्याला फुगलेली पिशवी, कोपरात हेल्मेट, मोटरसायकलला किक मारमारून घामाघूम झाला होता. गाडी मागे घ्यायला ती एरवी घाबरते. आज कशी घेतली, तिचं तिलाच कळलं नाही.

"परीक्षा आहे हो काकू," तो काकुळतीला आला, "आणि पेपर माझ्याच पिशवीत. काका बघतील का जरा?"

काका दार उघडून बसल्या जागेवरून बघत होते. खरोखरच बघत होते. दोन किका त्यांनी मान तिरकी करून नुसत्या ऐकल्या, मग बोट उचललं. "चोक... तसाच ठेवलाय. प्लग ओला."

सकाळी ओढलेला चोक मास्तर बंद करायलाच विसरला होता, जास्तीच्या पेट्रोलने प्लग भिजला होता. पाना घेऊन गुडघ्यांवर बसली तीच. त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित.

"उलटा," मागून आवाज. "उलटा फिरव. अगं... उलटा! डोकं... आहे का नाही?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार महिन्यांनी ते तिच्यावर खेकसले होते. खेकसा हो, अजून खेकसा, वाटेल ते बोला...

प्लग पुसला, वाऱ्यावर धरला, पुन्हा बसवला. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं. "फार उपकार झाले, काका!" म्हणत मास्तर सुटला तो सुटलाच. उपकार कुणी कुणावर केले, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! धावत जाऊन त्याचे पाय धरावेत, असं तिला वाटून गेलं.

"हात पूस," ते म्हणाले.

गाडी निघाली, त्यांचे डोळे पुन्हा खिडकीबाहेर. बघताहेत की नुसतेच तिकडे आहेत, तिला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. ती अगदी सावकाश चालवत राहिली, कडेकडेने, नजर भिरभिरत. समोरून गाड्या येत होत्या, झोकात जात होत्या. सगळ्या कशा धडधाकट, तिला रागच आला त्यांचा. देवा, आज एवढं दिलंस, तुझे उपकार कसे फेडू... आता आणखी एकच, घर यायच्या आत कुणाची तरी गाडी बंद पडू दे. फार नको. थोडीशीच.

आपण काय मागतोय हे लक्षात येऊन ती चपापली. पण मागणं काही तिने परत घेतलं नाही.