वरच्या घराचा धूर

मी धुराडं बोलतोय. वस्तीतल्या सगळ्यात वरच्या घराचं. तुम्हाला घाई नाही ना? मला तर कधीच नव्हती. छपरावर उभं राहणाऱ्याला कसली आलीय घाई!

इथून आमची वस्ती तळहातावर ठेवल्यासारखी दिसते. पाठीशी उत्तरेचा डोंगर, पुढ्यात लांबट तळं. हिवाळ्यात तळं असं घट्ट गोठतं की त्यावरून ओंडके ओढत नेतात. ऊन म्हणाल तर त्या दिवसांत पलीकडच्या टेकडीवरून नुसतं डोकावतं आणि दारातूनच परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं निघून जातं. रस्ता एकच. तळ्याकाठी नावाड्याच्या घरापासून निघतो, गोठ्यापाशी वळतो, धापा टाकत चढ चढतो आणि माझ्या दारात येऊन संपतो. त्याच्या पुढे चिडाच्या झाडांचं रान. रानापलीकडे काय आहे, ते मलाही कधी दिसलेलं नाही.

मला एका गवंड्यानं बांधलं, स्वतःच्या घरासाठी. भिंती अजून गुडघ्याएवढ्या होत्या, तेव्हा मी पुरता उभा होतो. त्याची बायको म्हणाली, "अहो, आधी छप्पर तरी घाला!"

"आधी चहाची सोय, मग छपराची," तो म्हणाला.

दोघांनी पहिला चहा उघड्यावरच घेतला, माझ्या पायाशी बसून. गवंडी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या बायकोला सगळी वस्ती मावशी म्हणते. एकटा नावाडी तेवढा वहिनी म्हणतो, कारण तो गवंड्याचा जिवलग दोस्त.

वस्तीत माणसं किती, असं कुणी विचारलं तर इथले लोक धूर मोजून सांगतात. सकाळी उठलं की खिडकी पुसायची आणि सगळ्या छपरांवरून एकदा नजर फिरवायची. आपला चहा होईपर्यंत एखाद्याच्या धुराड्यातून धूर निघाला नाही, तर किटली घ्यायची आणि त्याच्या दारात जायचं. याला आमच्याकडे 'धूर विचारायला जाणं' म्हणतात. बहुतेक वेळा आतला माणूस डोळे चोळत दार उघडतो आणि म्हणतो, "झोपू द्या की हो जरा!" मग दोघं चहा पितात.

पूर्वी वीसेक धूर निघायचे. मग लाकूड कापायचा कारखाना बंद पडला, शाळा खालच्या गावात गेली, आणि एकेक घर थंड होत गेलं. शेवटी सात धूर उरले. सातवा माझा.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर एका सकाळी माझा धूर निघाला नाही. सरपण आणताना मावशी दारातच घसरली होती. नावाडी किटली घेऊन चढून आला, म्हणून ती वाचली. शहरातून लेक आली आणि आईला घेऊन गेली. जाताना कुलूप लावत म्हणाली, "उन्हाळ्यात येऊन हे घर मोडूनच टाकू. दगड तरी कुणाच्या कामाला येतील."

मावशीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पुढे बर्फ पडलं. रस्ता मोकळा करणारी गाडी खालच्या गावातून येते. त्या गाडीवाल्याचा साधा हिशेब: शेवटचा धूर दिसेल तिथपर्यंत रस्ता. त्यानं नावाड्याला विचारलं, "काका, वर कोणी राहतं का?"

"सध्या नाही," नावाडी बोलून गेला, आणि गाडी गोठ्यापासूनच वळली.

रस्ता बुजला. छपरावर बर्फाचे थर चढायला लागले. छप्पर खाली बसलं असतं, तर मावशीला परत यायला घरच उरलं नसतं. माझं तर काय, पोट पार गार पडलं होतं.

तिसऱ्या सकाळी पाहतो तर नावाडी कमरेएवढ्या बर्फातून वर येतोय! कुलपाची जादा किल्ली कुठल्या दगडाखाली असते, ते त्याला ठाऊक होतं. त्यानं छप्पर झाडलं, चूल पेटवली. धुराची झडप उघडायची असते, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं; त्याच्या धुराड्याला झडपच नाही. निम्मा धूर मी वर ओढला, निम्मा त्यानं गिळला. पण धूर दिसला, आणि गाडीवाल्यानं माझ्या दारापर्यंत रस्ता काढून दिला. मग रोज तेच.

इकडे वरचा धूर पाहून वळणावरच्या गोठेवालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मावशी परत आली आणि आपल्याला सांगितलंसुद्धा नाही! तिनं तक्रार करायला लेकीच्या घरी फोन लावला. तो उचलला मावशीनं. पुढचं मला मागाहून चुलीपाशीच्या गप्पांतून कळलं.

"अगं मावशी, तू तिथं कशी?"

"मग कुठं असणार? पाय धरून बसलेय."

"अगंबाई! मग तुझी चूल कोण पेटवतंय?"

दुसऱ्याच दिवशी लेकीची गाडी चढ चढून आली, मागच्या सीटवर काठी सरसावून मावशी. चोर म्हणून दार ढकललं, तर आत नावाडी खोकतोय, तोंड काळंठिक्कर.

"भावोजी!" मावशी कडाडली. "झडप कोण उघडणार? माझ्या भिंतींची काय दशा केलीत ही!"

"भिंती राहिल्यात ते बघा, वहिनी," नावाडी डोळे पुसत म्हणाला.

लेकीनं झाडलेलं छप्पर पाहिलं, दारापर्यंतचा रस्ता पाहिला. मावशी चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "मी आता इथून हलत नाही."

"आणि परत पडलीस तर?"

"धूर दिसला नाही की मी येतोच," नावाडी म्हणाला.

"अहो काका, आणि तुम्हीच पडलात तर?"

"तर मी ओरडेन," मावशी म्हणाली. "त्यांचं धुराडं माझ्या खिडकीतून दिसतं, आणि मध्ये गोठेवाली आहेच."

लेकीनं कोट काढून खुंटीला अडकवला आणि विचारलं, "झाडू कुठंय?"

आठवडाभर राहून तिनं भिंती घासल्या आणि सरपण दाराच्या आत रचून ठेवलं. घर मोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. उन्हाळ्यात ती आली ती पोराबाळांसह, आणि तळ्याकाठचं एक बंद घर कुणाचं, त्याची चौकशी करून गेली.

आता मी थोडा कललोय. एका फटीत नावाड्यानं गिलावा भरलाय, तोही वाकडाच. चालायचंच. तुमच्याकडे कदाचित धुराडी नसतील. पण खिडकी तर असेल? सकाळी तेवढी पुसा आणि शेजाऱ्याकडे एकदा बघा.

आणि एक गोष्ट, कुणाला सांगू नका. हल्ली मावशी कधीकधी चांगली धडधाकट उठते, खिडकीत बसते आणि चूल मुद्दामच पेटवत नाही. थोड्या वेळानं चढावर एक किटली दिसायला लागते.

"धूर विचारायला आलो, वहिनी!"

"या, या. आता पेटवणारच होते," ती म्हणते, आणि उठून झडप उघडते.