तिसऱ्या वळणावरची जाळी

कोय हॅस्केट गेली नऊ वर्षं मोटारींच्या शर्यतीत तिसऱ्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलत होता. अगदी जरासा, कुणाला कळू नये इतकाच! पण घड्याळाला कळायचं, आणि गाडीचे मालक पर्विस घड्याळाचंच ऐकायचे.

"आज पाय उचललास ना कोय, तर पुढच्या रविवारी तुझ्या जागी दुसरा बसेल," सकाळी सँडविच चघळत ते म्हणाले.

कोयने मान हलवली. दुसरं येतच काय होतं त्याला? सोळाव्या वर्षापासून हेच. आता बावन्न.

नऊ वर्षांपूर्वी याच वळणावर त्याच्या गाडीचं नाक त्याचा दोस्त ड्वेनच्या गाडीला मागून लागलं, आणि ड्वेन भिंतीवर आदळला. चूक कुणाचीच नाही, असं सगळे म्हणाले. आदळल्यावर ड्रायव्हरने खिडकीला काचेऐवजी लावलेली जाळी खाली पाडायची, म्हणजे स्टँडमधल्या सगळ्या प्रेक्षकांना कळतं की माणूस शुद्धीत आहे. त्या दिवशी वीस हजार माणसं श्वास रोखून एका जाळीकडे बघत राहिली. ती पडलीच नाही. कोयला अजून दिसायची ती. दाढी करताना आरशात. चर्चमध्ये, पाद्रीबाबांच्या मागे. काळी, ताणलेली, जागच्या जागी.

आणि आज ड्वेनची मुलगी शेल्बी शर्यतीत होती. बापाचाच सत्तावन्न नंबर गाडीवर लावून!

"कोयकाका, मला मुद्दाम वाट दिलीत तर बघा हं!"

"वाट? तुझा बंपर काढून घरी नेईन, पोरी."

"न्या की! काकू कुंड्या ठेवतील त्यावर."

शेवटच्या दहा फेऱ्या. स्टँडच्या छपरावरून दुर्बीण लावून बसलेला बर्ल रेडिओवरून कोयच्या कानात बोलत होता, "आतल्या बाजूला आहे... अजून आहे... शेल्बीच आहे रे, दाराला दार!"

तिसरं वळण आलं. कोयने पाय उचलला नाही.

शेल्बीची मागची चाकं घसरली. गाडी गर्रकन फिरली आणि भिंतीवर धाडकन आदळली. गाड्या हळू करायचा पिवळा झेंडा फडकला. कोय एक फेरी मारून आला आणि, हे कुणी म्हणजे कुणीच करत नाही, थेट तिच्या गाडीशेजारी थांबला.

"कोय! चल पुढे! एक फेरी मागे पडशील!"

जाळी तशीच. मग स्टँडमधून गर्जना उठली.

"पडली रे पडली! पोरगी ठीक आहे! आता तरी चल!" बर्ल ओरडत होता.

कोयला जाळी वरच दिसत होती. तिच्यातून एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत, जाळी नसल्यासारखा. मग खांदा. मग अख्खी शेल्बी बाहेर आली, मदतनिसांना झुगारून तरातरा त्याच्याकडे आली.

"काका, तुमचा धक्का नव्हता. माझीच चाकं घसरली. ऐकताय ना?"

"जाळी पाड, शेल्बी."

"अहो, मी ही काय, तुमच्यासमोर उभी आहे!"

कानात आता पर्विसचा आवाज आला. ते ओरडले नाहीत, म्हणूनच कोयला सगळं कळलं. "उतर, कोय. पुरे झालं."

तो खिडकीतून बाहेर आला. शेल्बीने त्याचा हात धरला. तिचा हात गरम होता, घामेजलेला, पुरता जिवंत. कोयने तो घट्ट धरला, आणि तिच्या खांद्यावरून त्या मोडक्या गाडीकडे बघत अगदी हळू विचारलं,

"मग आत अजून कोण बसलंय?"