कुल्फीच्या मटक्यातला विषाणू

प्रणालीला उंदीर बारीक करायचे होते. चांदूर बाजारला राहणाऱ्या तिच्या आईला, लीलाबाईला, हे चार वर्षांत एकदाही पटलं नव्हतं. "लोकं मुक्या जीवाले खाऊ घालून पुन्य कमावतात, तू त्याले वाळवून डॉक्टर होऊन राहिली," असं ती मेथी निवडता निवडता म्हणायची.

काम तसं सोपं होतं, फक्त होत नव्हतं. यकृतात चरबी जाळणारं एक जीन असतं. ते उंदरात नेहमीपेक्षा जास्त चालवायचं आणि चरबी उतरते का ते पाहायचं. जीन आत न्यायला गाडी लागते. ती गाडी म्हणजे विषाणू. त्याचं पोट आधी साफ करतात आणि त्यात आपलं जीन भरतात. मग तो कोणाला आजारी पाडत नाही, वाढतही नाही. दिलेल्या पत्त्यावर माल टाकतो आणि संपतो. एवढं इमानदार कुरियर उभ्या वऱ्हाडात नाही.

अमरावतीच्या फार्मसी कॉलेजात ही तिची उंदरांची शेवटची बॅच होती. उंदीर सोमवारी आठ आठवड्यांचे होणार होते, प्रयोगाची परवानगी दोन महिन्यांत संपणार होती, मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. सोमवारी सुई टोचली नाही तर पीएचडी गेली.

बंगलोरहून दोन शिश्या निघाल्या. एकीत जीन भरलेला विषाणू, दुसरीत तुलनेसाठी रिकामा. खोक्यात दहा किलो ड्राय आइस, म्हणजे उणे ऐंशीच्या आसपासचा, पांढरा धूर सोडणारा कोरडा बर्फ. शनिवारी खोकं मोबाईलवर दिसलं ते अकोल्यात. प्रणालीनं एसटी धरली. कुरियर एजन्सीचं शटर खाली होतं, त्यावर एक नंबर होता.

"ताई, मी लगनात आहे," मालक ओमप्रकाश फोनवर म्हणाला. "इकडंच या नं. जेवनही होऊन जाईन."

कुरियर हा त्याचा जोडधंदा. मुख्य धंदा लग्नाच्या स्टेजवर धूर सोडायचा. प्रणाली लॉनवर पोचली तेव्हा नवरा-नवरी गुडघाभर पांढऱ्या धुरातून चालत येत होते. सगळ्यांनी मोबाईल वर धरले होते. प्रणालीनं ड्राय आइसचा धूर ओळखला.

"हा बरफ कुठला जी?"

"तुमचाच," ओमप्रकाश म्हणाला. "नागपूरहून माहा माल आलाच नाई. लगनघर अडलं होतं, ताई. पोरीची एन्ट्री बिनधुराची कशी करा? तुमच्या सामानाले काई नाई केलं. एवढ्याशा दोन शिश्या न एवढा बरफ. मले वाटलं तुमी बरफच मागवला, शिश्या फ्री आल्या."

लग्नघर अडलं म्हटल्यावर वऱ्हाडात पुढं बोलता येत नाही. प्रणालीही वऱ्हाडातलीच. तिनं एवढंच विचारलं, "शिश्या कुठं आहेत?"

शिश्या ओमप्रकाशनं लॉनवरच्या डोमाजी कुल्फीवाल्याच्या मटक्यात ठेवल्या होत्या. मीठ घातलेल्या बर्फात, प्लास्टिकच्या पिशवीत, मलई कुल्फीच्या साच्यांशेजारी. डोमाजीनं त्या काढून दाखवल्या. आतला थेंब अन् थेंब दगड झालेला.

"दुपारपासून राखून राहिलो," डोमाजी म्हणाला. "हाये काय यात?"

विषाणू हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण समोर आठशे माणसं जेवत होती. "चरबी कमी करायचं काम आहे," ती म्हणाली.

नवरदेवाची आत्या मनकर्णाबाई तिसरी कुल्फी घ्यायला उभी होती. "कोनाची चरबी?"

"उंदराची, आत्या."

"उंदराले बारीक होऊन कोनतं स्थळ पाहाचं आहे? मले टोच."

तिच्या मागं आणखी चार बायांची रांग लागली. एकीनं बाही वर केली. प्रणालीनं डोमाजीला हात जोडले, मटका उचलला आणि ती निघाली.

एसटीत मटका मांडीवर धरून तिनं गाईडना, इंगोले सरांना, फोन लावला.

"फेकून दे," सर म्हणाले. "उणे ऐंशीचा माल तो."

"गोठलेलाच आहे, सर."

"मंग उणे ऐंशीतच होता असं लिहून टाक. कोन पाहून राहिलं?"

"खोक्यात तापमान नोंदवायचं यंत्र आहे, सर. त्याचे आकडे थेट कंपनीले जातात."

सरांनी फोन ठेवला.

सोमवारी उंदरांच्या शेपटीत सुया टोचल्या. सहा आठवड्यांत जीनवाले उंदीर उतरले, रिकाम्या विषाणूवाले तसेच गुबगुबीत राहिले. आकडे इतके सरळ आले की तिनं वजनकाटाच तपासून घेतला.

पीएचडीच्या समितीसमोर मात्र कंपनीकडून त्या यंत्राचा आलेख आला. शनिवारी दुपारभर खोक्यात एकोणचाळीस अंश.

"या हिशेबानं विषाणू मेलेला होता," अध्यक्ष म्हणाले.

"उंदीर बारीक झाले, सर."

"ते झाले असतील. त्याले आधार काय?"

प्रणालीनं मटक्याची हकीकत खरी ती सांगून टाकली. समितीत कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, "मटक्याचं काही लेखी आहे?"

ती पुन्हा अकोल्याला गेली. डोमाजीनं छापील लेटरहेडवर लिहून दिलं: 'सदर दिवशी दोन शिश्या माझ्या मटक्यात होत्या. त्या दिवशी माझी कुल्फी पातळ झाली नाही. आजवर कधीच झालेली नाही. लग्न, बारसे, वाढदिवसाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील.' खाली सही आणि जांभळा शिक्का.

समितीनं उंदरांच्या आकड्यांची पानं भराभर उलटली, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि पत्र अध्यक्षांकडे दिलं. प्रबंध मंजूर झाला. अट एकच होती, पत्राची साक्षांकित प्रत जोडावी.