विल्फची फळी

जुन्या ट्रकांच्या प्रदर्शनात त्या गाडीसमोरचा फलक मी तीनदा वाचला. एकदा चष्मा लावून, एकदा चष्मा पुसून आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल असा. ‘एकर्सल ट्रान्सपोर्ट. आठ चाकी, १९६४. ड्रायव्हरांच्या आरामासाठी केबिनमागे झोपायची खोली देणारी जिल्ह्यातली पहिली कंपनी.’

“पहिली म्हणे!” मी म्हणाले. “लिनेट, जा, फळी घेऊन ये.”

“आई, आत्ताच तर पोचलोय. आधी चहा घेऊ या ना.”

“चहा पळून जात नाही. फळी आण.”

लिनेट, माझी लेक, अठ्ठावन्न वर्षांची आहे, पण माझा हा आवाज ती ओळखते. आमची मोटार लावली होती त्या कुरणाकडे ती गेली. जावयाने आठवड्यापूर्वी मासिकातला या गाडीचा फोटो दाखवला, तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गाडीचा नंबर मला तोंडपाठ होता. विल्फची गाडी. माझ्या नवऱ्याची. आणि विल्फच्या गाडीला झोपायची खोली कधीच नव्हती.

काय होतं ते सांगते. दोन खुर्च्या, आणि मधोमध कुबड काढून बसलेलं इंजिनाचं झाकण. ड्रायव्हर लोक काय करायचे, त्या कुबडावर या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत फळी टाकायचे आणि कोट पांघरून आडवे व्हायचे. प्रत्येकाची फळी आपापली, आपल्या केबिनच्या मापाने कापलेली. विल्फच्या फळीला एका कडेला अर्धगोल खाच होती, गिअरच्या दांड्यासाठी. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याने ती कापली. भुसा लोण्यात पडला म्हणून मी त्याला झापलं होतं.

मुक्कामासाठी कंपनी भत्ता द्यायची, खोटं कशाला बोलू. पण त्या भत्त्यात मिळायची ती ओलसर गादी, आदल्या ड्रायव्हरच्या घामाची चादर आणि तिघांत एक खोली. त्यापेक्षा फळी बरी, असं निम्मे ड्रायव्हर म्हणायचे आणि भत्ता घरी आणायचे. हे मालकाला ठाऊक होतं आणि मालकाला ठाऊक आहे हे ड्रायव्हरांना. कुणी कुणाला विचारत नव्हतं.

विल्फने मात्र विचारलं. दक्षिणेकडच्या गाड्यांना मागे बिछान्याची खोली जोडलेली त्याने पाहिली होती. म्हाताऱ्या एकर्सलकडे तो टोपी हातात धरून गेला, म्हणाला, “आपल्या गाड्यांनाही लावा.” म्हातारा म्हणाला, “ड्रायव्हरला गादी दिली की तो गाडी चालवेल कधी?” आणि युनियनमधल्या आमच्याच शहाण्यांनी विल्फला धारेवर धरलं. गाडीत बिछाना आला की मालक भत्ता बंद करेल, कुणाच्या बाजूने आहेस तू? दोन्हीकडून बोलणी खाऊन तो घरी आला आणि मटण-बटाट्याचं ताट तसंच ठेवून झोपला.

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत शॅपच्या घाटात बर्फाने रस्ता बंद झाला. ऊब राहावी म्हणून विल्फने इंजिन चालू ठेवलं आणि फळीवर झोपला. सकाळी बर्फ उपसणाऱ्यांना तो सापडला. केबिनमध्ये धूर भरला होता.

चौकशीत म्हातारा एकर्सल काळा टाय लावून आला. गाडी ठणठणीत होती म्हणाला. केबिनमध्ये झोपायला आमची सक्त मनाई असते म्हणाला. भत्ता देऊनही माणूस ऐकत नाही, त्याला आम्ही काय करणार म्हणाला. निकाल आला: स्वतःच्या बेपर्वाईने. पंचवीस वर्षांची मी, कडेवर दोन वर्षांची लिनेट. घरी आलेल्या त्याच्या सामानात ही फळी होती. आणि तुम्हाला खरं सांगते, तो निकाल मीही मानला. चार पैशांसाठी जीव घालवलास मेल्या, असं मी त्याला इतकी वर्षं मनातल्या मनात सुनावत आले.

लिनेट फळी घेऊन आली तोवर गाडीचा मालकही आला. म्हाताऱ्याचा मुलगा, रॉडनी. लहानपणी यार्डात सायकल फिरवायचा. आता पोट सुटलं होतं, छातीवर बिल्ले होते.

“मिसेस हॅलम? बेरिल हॅलम? अहो, किती वर्षांनी! या, आत बघा. काय सुंदर झालीय ना?”

“ही मागची खोली कुठून आली रे, रॉडनी?”

“भंगारात मिळाली. दुसऱ्याच गाडीची होती, कापून जोडली. दोन वर्षं लागली मला.” त्याने दार उघडून दाखवलं. चौकड्यांची लोकरी घोंगडी, उशी, पितळी दिवा, दुमडून ठेवलेलं वर्तमानपत्र. “खोली असली की परीक्षक खूश होतात.”

“आणि फलकावर काय लिहिलंयस?”

“ते काय, जरा शोभेला...” तो हसला. “बाबांच्या मनात होतंच ना लावायचं.”

तळपायाची आग मस्तकात गेली. “तुझ्या बाबाच्या मनात काय होतं ते मला सांगू नकोस. ही फळी घे. टाक आत.”

“मिसेस हॅलम, नवा रंग आहे, ओरखडे...”

“टाक म्हणते ना!”

लोक जमायला लागले होते, म्हणून त्याने घेतली. इंजिनाच्या कुबडावर तिरकी धरली, खाली टेकवली. गिअरचा दांडा खाचेत बरोबर बसला. छप्पन वर्षांनी, एक बोटसुद्धा इकडे-तिकडे नाही. मागे ती मऊ गादी आणि पुढे ही फळी. गर्दीतला एक म्हातारा ड्रायव्हर टोपी काढून म्हणाला, “माझीही अशीच होती, बाई.”

रॉडनीचा चेहरा पडला, पण माणूस धंदेवाईक. विषय बदलायला तो आम्हाला मेजापाशी घेऊन गेला. तिथे चहाचं सामान होतं आणि गाडीच्या आधीच्या हालतीचे फोटो होते. विल्फनंतर ती चालवायला कुणी तयार होईना, म्हणून यार्डामागच्या काट्यांत तशीच गंजत पडली होती. “हे बघा, किती वाईट अवस्था. आणि ही तर गंमतच!” येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून घासून गुळगुळीत झालेल्या आवाजात तो म्हणाला. “रबरी चटई उचलली तर खाली पायाएवढं भोक! आणि त्यावर काय, तर बिस्किटांच्या डब्याचं झाकण, तारेने बांधलेलं. आमचा जुना मेकॅनिक अजून आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, एक ड्रायव्हर दर आठवड्याला रडायचा, धूर येतो, धूर येतो. बाबा म्हणायचे, उन्हाळ्यात बघू. शेवटी त्याने घरूनच झाकण आणून ठोकलं! काय एकेक नमुने होते, नाही?”

मेजावर चहाच्या पुड्या एका सपाट पत्र्यात ठेवल्या होत्या. राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षीचं झाकण, निळ्या कडेचं. माझ्या आईच्या डब्याचं. डबा आजही माझ्याकडे आहे, त्यात कपड्यांचे चिमटे असतात. हे झाकण हरवलं म्हणून मी विल्फशी दोन दिवस बोलले नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी तो शॅपला गेला. कुठे नेलं ते त्याने मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याला त्या गाडीत चढू दिलं नसतं, म्हणूनच नाही सांगितलं.

मी झाकण उचललं आणि चहाच्या पुड्या गवतात ओतल्या. कडेला तारेची चार भोकं होती.

“मिसेस हॅलम?”

“तो नमुना माझा नवरा होता, रॉडनी. दर आठवड्याला रडायचा तो.”

त्याला खरंच माहीत नव्हतं, हे मला दिसलं. त्यामुळे माझा राग कमी झाला नाही. माहीत करून घ्यायला त्याला कुणी अडवलं होतं?

“मला... मी फलक काढून टाकतो,” तो म्हणाला. “लगेच काढतो.”

“काढायचा नाही. उलटा कर. मागची बाजू कोरी आहे.”

रंगाची लेखणी त्याच्या खिशातच होती. मी सांगितलं तसं तो लिहू लागला. विल्फ हॅलम, वय अठ्ठावीस. या गाडीत, या फळीवर झोपला असताना धुराने गेला. झोपायला खोली मागितली होती, दिली नाही. इथवर अक्षर सुबक आलं. तेवढ्यात परीक्षक वही घेऊन येऊन उभे राहिले आणि रॉडनीचा हात थांबला.

“एवढं पुरे ना, बेरिल?” तो हळूच म्हणाला.

“नाही. गाडीला भोक होतं, आणि मालकाला माहीत होतं. लिही.”

त्याने परीक्षकांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या झाकणाकडे.

“लिही,” मी म्हणाले. “माझे गुडघे गेलेत, पण तू लिहीपर्यंत मी उभी आहे.”